बोलावणे न आलेल्या दिवसांचा पगार

मी, गावभर ‘लिफ्टवाली बाई’ म्हणून ओळखली जाणारी, लिफ्ट दुरुस्तीच्या वर्कशॉपची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे निकामी, कान शाबूत, डोके त्याहून शाबूत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. ते लिहावे म्हणून मला कोणी धाक घातलेला नाही की गळ घातलेली नाही. लिहू नये म्हणून मात्र बरीच लाडीगोडी लावून झाली. मी बधले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझ्या पश्चात एखादा निघालाच, तर तो खोटा समजावा आणि ज्याच्या खिशातून निघाला त्याच्याकडे नीट बघून घ्यावे.

माझ्या मनाच्या स्थितीबद्दल डॉक्टरांचा दाखला शेवटी आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मी त्यांना त्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टचा करार कधी संपतो ते विचारले, ते त्यांना सांगता आले नाही.

कलम १. मिळकत. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दुसरा मजला. रस्त्याच्या टोकाचे वर्कशॉप, आतल्या यंत्रांसह. बँकेतील मुदत ठेव आणि बचत खाते. हत्यारांची पेटी. एवढेच. वर्कशॉप नवऱ्याकडून आले, कर्जासकट आले. बाकी सगळे माझ्या कष्टाचे आहे. वडिलोपार्जित असे माझ्याकडे फक्त नाक आहे, ते मुलाने आधीच घेतले.

कलम २. माझे वारस दोन: थोरला मुलगा, जो मोठ्या कंपनीत हिशेबतपासनीस आहे, आणि धाकटी मुलगी, जी माझ्यासारखीच लिफ्ट दुरुस्त करते. दोघांवर माझा सारखाच जीव आहे. हे मृत्युपत्र वाचताना मुलाला तसे वाटणार नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवते.

कलम ३. वर्कशॉप, हत्यारे, चालू करार आणि दारावरची पाटी मुलीची. पाटीवर अजून नवऱ्याचे नाव आहे, ते तिने हवे तर बदलावे. मी बदलले नाही, कारण रंगाऱ्याचे पैसे वाचत होते आणि लोक तसेही मलाच हाक मारत होते.

कलम ४. धाकट्या दिराबद्दल. नवरा आजारपणात गेला तेव्हा मुलगा शाळेत नुकता जायला लागला होता आणि मुलगी रांगत होती. महिनाही उलटला नव्हता, तर भाऊजी वर्कशॉपला गिऱ्हाईक घेऊन दारात हजर.

“वहिनी, बाईमाणसानं लिफ्टमध्ये बसावं. लिफ्टच्या टपावर चढू नये.”

“भाऊजी, तुमचे दादा टपावर असायचे तेव्हा खाली पॅनलपाशी कोण उभं असायचं? मीच ना? मग आता जरा वर जाईन, एवढंच.”

गिऱ्हाईक हसले, भाऊजी हसले नाहीत. जाताना ते वर्कशॉपमधला मोठा पाना घेऊन गेले, दोन दिवसांसाठी. तो परत मागून मागून माझे केस पांढरे झाले. तरी या मृत्युपत्राने तो पाना मी त्यांना बक्षीस देत आहे, म्हणजे निदान त्यांच्या घरात तो चोरीचा म्हणून राहणार नाही. याखेरीज त्यांचा माझ्या कशावरही हक्क नाही.

कलम ५. आता मूळ मुद्दा. तो थोडा लांबेल. ज्यांना घाई असेल त्यांनी जिन्याने जावे.

लिफ्ट वेळ बघून बंद पडत नाही. कधी सकाळी लोक कामाला निघतात तेव्हा, कधी दुपारी, कधी सलग चार दिवस काहीच नाही, आणि मग एकाच दिवसात तीन ठिकाणी माणसे अडकलेली. फोन आला की पेटी उचलायची आणि धावायचे. आत एखादी म्हातारी घाबरून रडत असते, तिला बाहेरून बोलत राहायचे, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन ब्रेक सोडायचा, हातचाक फिरवून केबिन मजल्याशी आणायची. यात अर्धा तास जातो किंवा अर्धा दिवस. आणि या काळात घरी दोन लेकरे.

आधी मी तासावर बायका ठेवल्या. एक कॉलेजातली मुलगी परीक्षा येताच गेली. दुसरी चांगली होती, पण एका आठवड्यात तिला भरपूर तास मिळत, दुसऱ्यात एकही नाही. तिने घरभाडे काय लिफ्टच्या मर्जीवर भरायचे? तीही गेली. तिसरी एक दिवस मुलीला शेजारी सोपवून निघून गेली, कारण “लगेच येते” म्हणून गेलेली मी दिवेलागणीला उगवले होते.

मग मावशी आल्या. बंद पडलेल्या एका पाळणाघरात त्यांनी काम केलेले होते. नवऱ्याला सोडून भावाकडे राहत होत्या, आणि भावजय पानात वाढताना हात आखडत होती. बोलणे कमी, आवाज खणखणीत. पोर टेबलावर चढले की “थांब!”, दूध उतू जायला लागले की दुधालाही “थांब!” माझी मुलगी पहिला शब्द बोलली तो ‘आई’ नव्हे, ‘थांब’. तेव्हापासून त्या ‘थांबमावशी’ झाल्या, आजतागायत.

दुसऱ्याच महिन्यात त्या मला म्हणाल्या, “ताई, मी दुसरीकडे बघतेय.”

“का? पैसे कमी पडतात?”

“तुमचा भाव बरा आहे. पण भरवसा नाही. तुम्ही बोलावलं नाही तरी मला दुसरीकडे जाता येत नाही. न जाणो फोन आला तर? घरी नुसती बसते, आणि भावजय म्हणते, रिकामी बसलीस तर भांडी घास.”

मी म्हटले, “दोन दिवस द्या मला.”

योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी एका सोसायटीच्या सेक्रेटरीने माझे बिल परत केले. लिफ्टच्या देखभालीचे महिन्याचे ठरलेले पैसे. ते म्हणाले, “बाई, या महिन्यात लिफ्ट एकदाही बंद पडली नाही. तुम्ही एकदाही धावत आला नाहीत. मग पैसे कसले?”

मी त्यांच्या बैठकीत उभी राहून सुनावले, “बंद पडली नाही, म्हणूनच पैसे! तुम्ही रात्री निवांत झोपता ते कोणाच्या जिवावर? मी फोनपाशी आहे म्हणून. मी गाव सोडून जात नाही, दुसऱ्याचं काम अंगावर घेत नाही, ते कोणासाठी? हाक मारली तर ओ देणारं माणूस ठेवायचं, तर हाक न मारलेल्या दिवसांचेही पैसे मोजावे लागतात.”

आवाज इतका चढला की त्यांच्या पत्नी आतून पाणी घेऊन आल्या. पैसे मिळाले. मी जिना उतरत होते (लिफ्ट चालू होती, पण रागात मला जिनाच बरा वाटतो) आणि पहिल्या मजल्यावर येईपर्यंत मला हसू फुटले. मावशींना द्यायचे उत्तर मीच आत्ता ओरडून आले होते.

त्या संध्याकाळी मी आणि मावशी स्वयंपाकघरात बसलो आणि ठरवले. महिन्याचा एक ठोक पगार, बोलावणे येवो न येवो. ठरलेल्या तासांच्या वर जाईल ते वेगळे, अंधार पडल्यावरचे दीडपट. बोलावून आयत्या वेळी “नको” म्हटले तर अर्धा दिवस धरायचा. वर्षाला भरपगारी रजा. आजारपणाची वेगळी. फंडात महिन्याला काही त्यांचे, तेवढेच माझे. पगार खात्यात, आणि खाते त्यांच्या एकटीच्या नावावर, भावाचे नाव नको. दर महिन्याला पगारचिठ्ठी. आमचे एकाच मुद्द्यावर भांडण झाले: तास कुठून धरायचा? मी म्हणत होते, घरात पाऊल टाकल्यापासून. त्या म्हणत होत्या, त्यांच्या दारातून निघाल्यापासून. शेवटी बसथांब्यापासून धरायचा, असा तोडगा निघाला.

ही काही दानशूरपणाची कहाणी नाही. मला भरवशाचे माणूस हवे होते, त्यांना भरवशाचा पगार. दोघींनी आपापला भरवसा विकत घेतला.

कलम ६. शेजारच्या तीन बायकांबद्दल. त्यांतील दोघी हयात नाहीत, तिसरी वरच्या मजल्यावरच्या वकिलांची बायको, म्हणजे वकीलबाई, आहे. पगारचिठ्ठीची गोष्ट जिन्यातून वर चढली तशा तिघी मिळून माझ्याकडे आल्या.

वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही भाव बिघडवताय. आमच्याकडच्या बायकाही आता रजा मागायला लागल्या.”

“मग द्या.”

“आणि नुसतं बसायचे पैसे? उद्या म्हणतील झोपायचे द्या.”

“तुमचे यजमान कोर्टात तारीख पडली तरी अशिलाकडून पैसे घेतात ना? ते तरी कुठे उभे राहून घेतात?”

चहा तसाच ठेवून तिघी गेल्या. पुढे वर्षभर जिन्यात माझ्याशी कोणी बोलले नाही, आणि माझा वेळ फार वाचला. माणूस मरताना सगळ्यांना माफ करतो असे म्हणतात. मी वकीलबाईंना माफ करत नाही. त्यांनीही मला करू नये; इतक्या वर्षांचे चांगले वैर आहे, ते नासवू नये.

कलम ७. त्या चिठ्ठ्यांचे काय झाले तेही सांगते. काही वर्षांनी मावशींनी एक खोली बघितली, पाण्याचा नळ आत असलेली. बँकेत कर्जाचा अर्ज केला. मॅनेजरचा मला फोन.

“मुलं सांभाळणाऱ्या बाईंना पगारचिठ्ठी? ही खरी आहे का?”

“तुमच्याकडे पैसे सांभाळणाऱ्याला चिठ्ठी असते ना? तशीच.”

कर्ज मंजूर झाले. ज्या दिवशी किल्ली मिळाली त्या दिवशी मावशी माझ्याकडे रजा टाकून गेल्या आणि नव्या खोलीत दार लावून दिवसभर नुसत्या झोपल्या. त्यांनीच नंतर सांगितले. म्हणाल्या, “ताई, कोणी उठवलं नाही. उठवायला कोणी नव्हतंच.”

कलम ८. वाईट दिवस. एक बिल्डर बुडाला आणि त्याच्या सगळ्या इमारतींचे माझे पैसे घेऊन बुडाला. वर्कशॉपवरच्या कर्जाचे हप्ते थकले. मी स्कूटर विकली आणि पेटी घेऊन बसने फिरू लागले. मावशींना दिसत होतेच. महिनाअखेरीला त्या म्हणाल्या, “या महिन्याचं राहू द्या. पुढे बघू.”

“राहू द्यायचं नाही. ठरलेला पगार आहे.”

“ताई, पोरांना मी वाढवलंय. मी काय परकी आहे?”

“पगार घेताना परकीच! आणि परकीच राहा. घरची झालात तर उद्या मी म्हणेन घरच्यांना कुठे रजा असते, घरच्यांना कुठे दीडपट असतो. मला स्वतःचाच भरवसा नाही.”

मी हे फार जोरात बोलले असावे. त्यांनी पिशवी उचलली आणि दार आपटून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी मुलीला मशीनरूममध्ये नेऊन पेटीवर बसवले, मुलाला शाळेनंतर औषधाच्या दुकानात बसवले. शेवटी मुलाला निरोप घेऊन धाडले: मावशी, येणार आहात की नाही? मुलगा उड्या मारत परत आला.

“मावशी म्हणाली, आईला सांग, माझी भरपगारी रजा चालू आहे. संपली की येईन.”

मी स्वयंपाकघरात खाली बसून पोट धरून हसले. रजा मीच दिलेली, रुसायला वापरली त्यांनी. रजा संपल्यावर त्या वेळेवर हजर झाल्या, पगारचिठ्ठी नीट तपासून घेतली, आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आम्ही एकमेकींना कधी अगं-तुगंही केले नाही. ज्यांना हा कोरडेपणा वाटतो त्यांना ओलावा कशाशी खातात ते ठाऊक नाही.

कलम ९. आता हे मृत्युपत्र लिहिण्याचे कारण. मुला, हे कलम तू उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

मुलगी पेटी घेऊन फिरू लागली, तिला बाळ झाले, आणि मावशी पुन्हा कामाला लागल्या. त्याच अटी, पगार माझ्या खात्यातून. मागच्या वर्षी मी घराच्या जिन्यात पडले, खुबा मोडला, आणि बराच काळ इस्पितळात राहिले. मुलगी वर्कशॉप आणि इस्पितळ यांत अडकली, बाळ तिच्या सासूकडे गेले. माझे बँकेचे व्यवहार मुलाने हाती घेतले.

मी घरी आले त्या सकाळी मावशी आल्या, माझ्या पाठीशी उशी लावली. मी विचारले, “पगारचिठ्ठ्या कुठे ठेवल्यात?”

“या वेळी नाही मिळाल्या.”

“चिठ्ठी नाही की पगार नाही?”

त्या उशी ठाकठीक करत राहिल्या. “जाऊ द्या ताई. आधी बऱ्या व्हा.”

खोदून विचारले तेव्हा कळले. पगार बंद होता. पलीकडच्या गल्लीत एका घरात जुळी झाली होती, त्यांनी मावशींना चांगल्या पगारावर बोलावले होते. मावशींनी नकार दिला, का, तर ताई कधीही घरी येतील.

“मग माझ्या मुलाकडे मागायचं होतं!”

“जाणार होते. त्याच्या दारापर्यंत गेलेही. पण त्याला मी चमच्यानं भरवलंय हो. त्याच्यापुढे हात पसरायला नाही जमलं.”

मी मुलाला बोलावून घेतले. तो आला, फळे घेऊन आला.

“मावशींचा पगार का थांबवलास?”

“आई, तू इस्पितळात, बाळ तिकडे. कामच नव्हतं. मग पगार कसला?”

मला वाटले मी पुन्हा त्या सेक्रेटरीच्या बैठकीत उभी आहे, फक्त समोरच्या माणसाला माझेच नाक आहे.

“बोलावलं असतं तर त्या आल्या असत्या ना?”

“अगं, ती घरच्यासारखी आहे. तिला आपण कधी वाऱ्यावर सोडणार आहोत का? लागलं-सवरलं तर बघूच की. हा असा करार-बिरार कशाला तिच्याशी?”

“घरच्यासारखी म्हणजे बिनपगारी? बंद न पडलेल्या लिफ्टचे पैसे आणून मी तुझी फी भरली. ते पैसे कसले होते? सांग, हिशेबतपासनीस!”

त्याने फळांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “आजच खात्यात भरतो.”

“खात्यात भर. आणि त्यांच्या घरी जा. स्वतः. फळं घेऊन जाऊ नकोस.”

तो गेला. तिथे काय झाले ते मला दोघांनीही सांगितलेले नाही. मी मावशींना विचारले तर म्हणाल्या, “आला होता. जेवून गेला.” पुढे एक अक्षर नाही. मुलाचे डोळे दोन दिवस सुजलेले होते असे सून म्हणाली.

माझा मुलगा वाईट नाही. तो जेवून गेला याचा मला आनंद आहे. पण जेवून जाण्याला कायद्यात काही अर्थ नाही. चांगली माणसेच “बघूच की” म्हणतात, आणि म्हाताऱ्या बायका त्या ‘की’वर लटकून राहतात. म्हणून पुढील कलम.

कलम १०. माझी बँकेतील मुदत ठेव, संपूर्ण, मोडायची नाही. तिच्या व्याजातून मावशींना त्यांच्या हयातीपर्यंत दर महिन्याला निवृत्तिवेतन मिळावे, त्यांच्या शेवटच्या ठोक पगाराइतके, दरवर्षी वाढते. व्याज कमी पडले तरच, आणि तेवढेच, मुद्दलातून द्यावे. माझा मृत्यू झाला की त्यांची नोकरी संपली असे धरून नोटिशीचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे बचत खात्यातून वेगळे द्यावेत; त्या खात्यात उरेल ते मुलगा आणि मुलगी यांनी अर्धे अर्धे घ्यावे. हे निवृत्तिवेतन कोणत्याही कारणाने थांबवता येणार नाही: त्या गाव सोडून गेल्या, दुसरे काम धरले, लग्न केले, माझ्या मुलांशी भांडल्या, किंवा माझ्याबद्दल जिन्यात वाईटसाईट बोलल्या तरीही. शेवटच्या कारणासाठी तर मुळीच नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे.

हे दान नाही, बक्षीस नाही, माया म्हणून दिलेले नाही. केलेल्या कामाचे आहे. कोणी याला “आईचे मन मोठे” वगैरे म्हणाले तर मी वर बसून ऐकते आहे असे समजावे.

मावशींच्या पश्चात मुद्दल मुलगा आणि मुलगी यांनी अर्धे अर्धे घ्यावे. तोवर थांबावे. त्यांना या थांबण्याचा पगार मिळणार नाही.

कलम ११. राहते घर दोघांचे समान. पण वरच्या कलमाची व्यवस्था बँकेत पक्की होऊन पहिला हप्ता मावशींच्या खात्यात पडेपर्यंत ते विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. मुलाने घरासाठी गिऱ्हाईक बघून ठेवले आहे हे मला माहीत आहे. गिऱ्हाईक चांगले आहे. पण बसू द्यावे जरा.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. मुलाने तिला हिशेबात मदत करावी. त्याचा हिशेब उत्तम आहे. कशाचा करायचा तेवढे तिने सांगावे.

कलम १३. हा मसुदा मी काल मावशींना वाचून दाखवला. मला वाटले होते त्यांना भरून येईल. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “यात एक राहिलंय.”

“काय राहिलं?”

“तुम्ही गेल्यावर मी कोणाची कामवाली?”

“कोणाचीच नाही. पेन्शनर.”

“मग तसं स्पष्ट घाला. नाहीतर फोन येईल, मावशी, तुम्हाला पैसे चालूच आहेत, जरा बाळाकडे बघाल का.”

बरोबर होते. म्हणून लिहिते: निवृत्तिवेतन झाल्या कामाचे आहे, होणाऱ्या कामाचे नाही. मुलीला बाळासाठी मावशी हव्या असतील तर तिने नव्याने विचारावे, नवा पगार ठरवावा, आणि मावशींनी “नाही” म्हटले तर तोंड पाडू नये.

मी विचारले, “आता झालं?”

खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “तुमच्या त्या दिवशी मी काम नाही करणार, ताई. कोणी सांगितलं तरी. मला नाही जमायचं.”

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच सवलत. ती मी पुढील कलमाने देत आहे.

कलम १४. माझा शेवट होईल त्या दिवशी घरात माणसे जमतील. बाळ रडेल, कोणाला पाणी हवे असेल, कोणाला चहा, कोणाला पांघरूण कुठे ठेवले आहे ते सापडणार नाही, आणि सवयीने सगळ्यांच्या माना मावशींकडे वळतील. त्या वळू नयेत. त्या दिवशी मावशी या घरात पाहुण्या म्हणून येतील. त्यांना माझ्याजवळची खुर्ची द्यावी. बाळ त्यांच्या मांडीवर ठेवू नये, ते आपणहून गेले तर गोष्ट वेगळी. चहा मुलाने करावा आणि पहिला कप त्यांना नेऊन द्यावा. त्यांना हवे तितका वेळ बसू द्यावे. रडू आले तर रडू द्यावे, नाही आले तर का नाही असे कोणी विचारू नये. किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, हे कोणी बघू नये. तो वेळ त्यांचा स्वतःचा असेल. त्याचे मी त्यांना काहीही देणे लागणार नाही.

वरील चौदा कलमे मी स्वतः लिहून, स्वतः मोठ्याने वाचून, एका ठिकाणी खाडाखोड करून आणि तिथेही सही करून, खालील दोघांच्या देखत पुरी केली. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते, तरी ते आले.

स्थळ: राहते घर, बैठकीची खोली
दिनांक: चालू महिन्याची सात, मंगळवार, सकाळ

लिहून ठेवणार:
(सही) लिफ्टवाली बाई

साक्षीदार पहिले:
(सही) घरचे डॉक्टर. बाईंना मी तपासले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत आणि नेहमीइतक्याच रागात आहेत.

साक्षीदार दुसरे:
(सही) तळमजल्यावरचा शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली.